चिनी वनौषधि आणि मूत्रपिंडाचे विकार

गेल्या महिन्यांत माझा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. वय पन्नाशीच्या पुढें, मधुमेह बरेच वर्षांचा, आणि आतां मूत्रपिंडें क्षीण होऊं लागलीं आहेत असें डॉक्टरांनीं सांगितलेलें. त्याच्या हातांत चिनी अक्षरांची एक पुडी होती. परदेशांतून आलेल्या एका आप्तानें ती आणून दिली होती. तो म्हणाला, "मास्तर, झाडपाल्याचें औषध आहे. आपणच वर्गांत सांगत होतां कीं, झाडपाल्यानें गुण आला नाहीं तरी अपाय होत नाहीं. तर मग घेऊं ना?" मी क्षणभर निरुत्तर झालों. तसें मीं सांगितलें होतें खरें. तें विधान आज चारचौघांत परत घ्यावें, एवढ्याचसाठीं हा लेखनप्रपंच.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, चिनी वैद्यक ही भोंदूंची विद्या नव्हे. 'ह्वांगदी नेईजिंग' हा त्या शास्त्राचा मूलग्रंथ सुमारें दोन हजार वर्षांचा आहे. सुंग राजवटींत छ्येन यी नांवाचा बालरोगांचा मोठा वैद्य होऊन गेला. त्याच्या मागें 1119 सालीं सिद्ध झालेल्या ग्रंथांत सहा द्रव्यांची एक गोळी सांगितली आहे. ती 'शेन' या इंद्रियाच्या दौर्बल्यावर आजही चीनमध्यें दिली जाते. परंतु हें 'शेन' म्हणजे डॉक्टरांचें मूत्रपिंड नव्हे. तें शरीरांतील जलाचें नियमन करतें असें चिनी वैद्य मानतात हें खरें. पण वाढ, अस्थि, प्रजनन आणि वार्धक्य हींही त्याच्याच अधीन आहेत असें त्यांचें मत आहे. आपल्याकडेही असेंच आहे. आज आपण 'वृक्क' शब्द मूत्रपिंडास लावतों. चरकानें मात्र वृक्कांस मेदोवह स्रोतसांचें मूळ म्हटलें आहे, आणि मूत्रवह स्रोतसांचें मूळ बस्तीकडे दिलें आहे. सारांश, नांव एक आणि अर्थ दोन. 'शेन'साठीं सांगितलेलें औषध डॉक्टरांनीं निदान केलेल्या मूत्रपिंडाच्या रोगावर चालेलच, असें केवळ शब्दसाम्यावरून म्हणतां येत नाहीं.

नांवाच्या घोटाळ्याचा याहून दारुण प्रकार बेल्जमची राजधानी ब्रुसेल्स येथें घडला. तेथील एका चिकित्सालयांत स्थूल स्त्रियांस कृश होण्यासाठीं औषधें देत असत. 1990 सालीं त्या औषधांत दोन चिनी वनस्पतींचें चूर्ण घालण्यास आरंभ झाला. त्यांतील एक 'फांगजी'. थोड्याच काळांत, पूर्वीं धडधाकट असलेल्या तरुण स्त्रियांचीं मूत्रपिंडें झपाट्यानें निकामी होऊं लागलीं. 1993 सालीं तेथील डॉक्टरांनीं हा प्रकार 'लॅन्सेट' या नियतकालिकांत प्रसिद्ध केला, आणि पुढें अशा रोग्यांची संख्या शंभरावर गेली. शोधाअंतीं असें दिसलें कीं, 'हान फांगजी' या वनस्पतीच्या जागीं 'ग्वांग फांगजी' आली होती. नांवांत एका शब्दाचा भेद. पण कुळें सर्वस्वी भिन्न. दुसरीच्या मुळांत अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल नांवाचें विष असतें. तें मूत्रपिंडाच्या पेशींतील आनुवंशिक द्रव्यास चिकटतें, आणि औषध बंद केल्यावरही त्याचें काम चालूच राहतें. पुढें यांतील 39 रोग्यांनीं निकामी झालेलीं मूत्रपिंडें व मूत्रनलिका काढून टाकण्यास संमति दिली; त्यांपैकीं 18 जणांत कर्करोग आढळला. ही हकीकत 2000 सालीं प्रसिद्ध झाली.

चीनमध्येंही असाच घोटाळा झाला होता. तेथील 'मूथोंग' या निरुपद्रवी वेलीच्या जागीं 'ग्वान मूथोंग' ही विषारी वेल वापरांत आली, आणि यकृताच्या एका प्रसिद्ध गोळीवाटे ती घरोघर पोंचली. अखेर 2003 सालीं चिनी सरकारनें तिचा वापर बंद केला. हें चीनचेंच दुर्दैव, असें मात्र वाचकांनीं समजूं नये. आपल्याकडे सर्पदंशावर सांगतात ती सापसण, जिला संस्कृतांत ईश्वरी म्हणतात, ती याच कुळांतली असून तेंच आम्ल तिच्यांतही आहे.

यावर आपल्याच आचार्यांनीं केव्हांच इशारा देऊन ठेविला आहे. चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायांत सांगितलें आहे कीं, नाम, रूप व गुण या तिहींनीं न ओळखलेलें औषध अनर्थास कारण होतें. आणि ओळखलेलेंही चुकीच्या रीतीनें योजिलें तर तेंच होतें. मीं हा भाग मुलांना अनेकदां शिकविला. पण त्याचें मर्म मला या वयांत कळलें.

मग चिनी औषधांत कांहींच तथ्य नाहीं काय? तसेंही नाहीं. 'लेई गोंग थेंग', म्हणजे मेघगर्जनेच्या देवाची वेल, हिच्या अर्कानें मूत्रपिंडाच्या कांहीं विकारांत मूत्रावाटे जाणारें प्रथिन कमी होतें, असा चिनी डॉक्टरांचा अनुभव आहे. पण तीच वेल यकृतास, अस्थिमज्जेस आणि प्रजननशक्तीस अपाय करते. म्हणून ती रक्ततपासणी करीत, जाणत्या वैद्याच्या नजरेखालींच दिली जाते. जेथें गुण आहे तेथें दोषही आहे. फुकटचें अमृत कोठेंच नाहीं.

मूत्रपिंड हें इंद्रिय मोठें सोशिक. त्याचा बराचसा भाग नष्ट झाला तरी रोग्यास कळत नाहीं. कळतें तेव्हां यंत्रानें रक्तशुद्धि करावी लागण्याची वेळ आलेली असते. म्हणून ज्यांस मधुमेह वा रक्तदाब आहे, त्यांनीं वर्षांतून एकदां तरी मूत्रांतील प्रथिन आणि रक्तांतील क्रिएटिनिन यांची तपासणी अवश्य करवावी. आणि कोणतेंही चूर्ण वा काढा घेत असाल, तो आजीबाईच्या बटव्यांतला असला तरी, डॉक्टरांपासून लपवूं नये. डॉक्टर रागावतील या भयानें रोगी गप्प राहतो, आणि त्याचे परिणाम त्यालाच भोगावे लागतात.

माझ्या विद्यार्थ्यास मीं एवढेंच विचारलें, "या पुडीवर काय लिहिलें आहे?" त्यानें ती उलटीसुलटी करून पाहिली. मींही चष्मा पुसून पाहिली. तीवरील एकही अक्षर आम्हां दोघांस वाचतां येत नव्हतें. नांवच ठाऊक नाहीं, तेथें रूप आणि गुण कोठून कळणार? तो थोडा वेळ स्तब्ध बसला, मग पुडी खिशांत घालून म्हणाला, "उद्यां डॉक्टरांकडे जाईन, आणि ही त्यांना दाखवीन." जातांना तो नेहमीप्रमाणें पायां पडला. गुरूची जुनी चूक शिष्यानें पदरांत घेतली, याचें मला त्या दिवशीं मोठें समाधान वाटलें.