सावल्यांच्या पडद्यावरचे जग

शाळेच्या स्नेहसंमेलनात ‘देशोदेशीची मुले’ हा कार्यक्रम हमखास असतो. किमोनो नेसलेली एखादी मुलगी, टोकदार टोपी घातलेला मुलगा, पिसांचा मुकुट मिरवणारा तिसरा. रंगमंचावरून एक फेरी होते, टाळ्या पडतात आणि कार्यक्रम संपतो. या फेरीतून मुलांच्या मनात काय उरते, असा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. बहुधा एवढेच उरते, की परके लोक म्हणजे गमतीदार कपडे घालणारे लोक. कोवळ्या वयात बसलेली ही समजूत पुढे सहजी पुसली जात नाही.

जगातील संस्कृतींची ओळख कलेच्या माध्यमातून करून द्यायची असेल, तर दहा देशांची धावती फेरी मारण्यापेक्षा एकच कला निवडून ती मुलांच्या हातून घडवून घेणे अधिक फलदायी ठरते. इंडोनेशियातील जावा बेटावरचा ‘वायांग कुलित’ हा सावल्यांचा खेळ त्यासाठी फार सोयीचा आहे. ‘कुलित’ म्हणजे कातडे. म्हशीच्या कातड्यावर बारीक नक्षी कोरून, ते रंगवून या सपाट बाहुल्या तयार केल्या जातात. ‘दालांग’ हा सूत्रधार एकटाच सर्व बाहुल्या नाचवतो, सर्वांचे संवाद म्हणतो आणि ‘गामेलान’ या वाद्यवृंदाला इशारेही देतो. पारंपरिक खेळ रात्रभर चालतो. युनेस्कोने २००३ मध्ये या कलेचा गौरव केला आणि २००८ मध्ये मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत तिचा समावेश झाला.

तिसरी-चौथीच्या वर्गात हा खेळ उभा करण्यास खर्च जवळजवळ नाही. पांढरे धोतर, एक विजेरी, जुने पुठ्ठे आणि खराट्याच्या काड्या एवढे साहित्य पुरते. खांदा आणि कोपर यांचे सांधे जाड दोऱ्याच्या गाठीने जोडता येतात. बाहुली दिव्याजवळ नेली की सावली मोठी व पुसट होते, पडद्याला टेकवली की लहान व रेखीव होते, हे विज्ञान मुले न शिकवता शिकतात.

खरा धडा त्यानंतर सुरू होतो. जावातील बाहुल्यांची लांबलचक नाके आणि बारीक हात पाहून मुले आधी हसतात. त्यांना रागावू नये. असे का केले असेल, एवढेच विचारावे. मग सांगावे, की बारीक डोळे आणि खाली झुकलेली नजर ही तेथे सुसंस्कृत, संयमी माणसाची खूण आहे. वटारलेले गोल डोळे उग्र स्वभावाचे. एवढे कळताच तीच मुले बाहुल्यांचे चेहरे वाचू लागतात. हसण्याकडून वाचण्याकडे होणारा हा प्रवास म्हणजेच संस्कृतीचे शिक्षण होय.

या खेळांत रामायण-महाभारताच्या कथा असतात, हे ऐकून आपल्या मुलांचे डोळे चमकतात. येथे शिक्षकाने सावध राहावे. ‘बघा, आपलेच त्यांनी घेतले’ एवढ्यावर धडा थांबला, तर मुले पुन्हा स्वतःलाच पाहून परततील. जावातील बहुसंख्य लोक मुस्लिम आहेत आणि तरीही या कथा त्यांना आपल्या वाटतात, हे सांगायला हवे. त्यांनी त्यात स्वतःची भर घातली, हेही सांगायला हवे. सेमार हा थुलथुलीत, विनोदी सेवक आपल्या महाकाव्यांत कोठेच नाही. जावाच्या खेळात मात्र राजपुत्रांना शहाणपण शिकवणारा तोच, आणि तो मुळात देव असल्याचे मानले जाते. ‘नोकराला सर्वांत शहाणा का केले असेल?’ या प्रश्नावर नऊ वर्षांची मुलेही तासभर बोलू शकतात.

आणि मग आपल्या अंगणाकडे वळावे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजाने चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांबरोबरच चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळही जपला आहे. तेथील कलावंत परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री सन्मान मिळाला. जावाची सावली पाहिलेल्या मुलाला पिंगुळीची सावली अधिक स्पष्ट दिसते; एरवी ती ‘जुनी, गावाकडची’ म्हणून दुर्लक्षित राहिली असती.

कलेच्या तासाला वेळापत्रकात जागा नाही, ही शिक्षकांची तक्रार खरी आहे. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने कलाशिक्षणाचा आग्रह धरला, २०२० च्या शैक्षणिक धोरणाने इतर विषय कलेच्या आधारे शिकवण्यावर भर दिला. तरी परीक्षा जवळ आली की हाच तास पहिल्यांदा कापला जातो. परंतु वेगवेगळ्या रीतीभातींच्या माणसांसोबत ज्यांना आयुष्य काढायचे आहे, त्या मुलांना दुसऱ्याकडे पाहून आधी ‘का?’ असे विचारण्याची सवय लावणे ही काही हौसेची बाब नव्हे. त्यासाठी एक पडदा, एक दिवा आणि थोडा वेळ, एवढेच तर लागते.