पारव्याला 'माणूस' कसा ओळखता येतो?

वाशिमच्या बाजारात तूर-हरभऱ्याची पोती उतरली, की पारवे हजर होतात. सांडलेल्या दाण्यांत खडेही मिसळलेले असतात. पारवा दाणे टिपतो, खडे बहुधा टाळतो. दोन दाणे तंतोतंत सारखे कधीच नसतात. मग 'हा दाणा, हा खडा' ही वर्गवारी तो कशी करतो?

1964 साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात रिचर्ड हर्नस्टीन आणि डोनाल्ड लव्हलँड यांनी कबुतरांना रंगीत छायाचित्रे दाखवली. काहींत माणूस होता, काहींत नव्हता. माणूस असलेल्या चित्राच्या वेळी चोच मारली, तरच दाणे मिळत. माणूस कधी उभा, कधी बसलेला, कधी झाडाआड अर्धा झाकलेला असे. तरी कबुतरे शिकली.

पण त्यांनी चित्रे नुसती पाठ केली असतील तर? शंका रास्त आहे, कारण कबुतरे शेकडो चित्रे लक्षात ठेवू शकतात, हे पुढे 1984 मध्ये दिसून आले. म्हणूनच पूर्वी न दाखवलेली चित्रे देणे महत्त्वाचे होते. त्यांतही कबुतरांनी माणूस असलेली चित्रे वेगळी ओळखली. अर्थात, 'माणूस' म्हणजे काय, हे आपल्यासारखे त्यांना समजले, असे यावरून म्हणता येत नाही. अनेक चित्रांतील समान खुणा त्यांनी हेरल्या, एवढे मात्र खरे.

हे काम मेंदूत कसे चालते? आपल्या मेंदूवर सहा थरांचे बाह्यक असते. पक्ष्यांत तशी रचना नसल्याने त्यांचे वागणे बहुतांशी उपजतच असणार, असे पूर्वी मानत. हा समज चुकीचा ठरला आणि 2004-05 च्या सुमारास त्यांच्या मेंदूतील अनेक भागांची नावेही बदलण्यात आली. डोळ्यांकडून आलेली माहिती टप्प्याटप्प्याने पुढच्या मेंदूतील 'निडोपॅलियम कॉडोलॅटरेल' या भागापर्यंत पोचते. निवड करण्याचे काम हा भाग आपल्या कपाळामागच्या बाह्यकासारखे करतो. निवड बरोबर ठरून दाणा मिळाला, की डोपामिन या रसायनाद्वारे संदेश जातो आणि उपयोगी पडलेल्या चेतापेशींचे दुवे बळकट होतात. म्हणजे वर्ग तयार होतो तो व्याख्येतून नव्हे, तर उदाहरणे आणि त्यांचे परिणाम यांतून.

आपल्या वर्गातही हे करून पाहता येईल. पावसाळ्यात तूर, सोयाबीन, मूग यांची पाने 'हो' गटात ठेवा. कपाशी, आंबा, वड यांची 'नाही' गटात. नियम सांगू नका. मुलांना तो शोधू द्या. मग त्यांच्यापुढे पळसाचे मोठे पान ठेवा. जे पिकाकडे किंवा आकारमानाकडे पाहत होते, ते 'नाही' म्हणतील. ज्यांनी पर्णिका मोजल्या, ते 'हो' म्हणतील. पळसाला पाने तीनच!

व्याख्या पाठ असणे आणि वर्ग कळणे यांतला फरक असे एखादे नवे पानच दाखवते. आपल्या प्रश्नपत्रिकेत अशी नवी पाने किती असतात?