वर्णक्रम आणि घरांतील पसारा

जळगांव शहराला लागून असलेलें व आतां त्याच शहरांत मोडणारें पिंप्राळा हें गांव खानदेशांत आषाढी एकादशीच्या रथोत्सवामुळें ठाऊक आहे. परंतु गांवांच्या एखाद्या लांबलचक यादींत तें शोधावयाचें झाल्यास रथाचा कांहींएक उपयोग नाहीं. तेथें पिंपळगांव, पिंपळनेर, पिंप्री अशा मंडळींतून वाट काढावी लागते. ज्याला वर्णक्रम ठाऊक आहे तो प्रथम ‘प’ पाहतो, मग ‘पिं’ गांठतो, आणि सुटें ‘प’ संपून जोडाक्षर लागेपर्यंत खालीं उतरतो. कारण मराठी कोशपद्धतींत अक्षराचीं सर्व स्वरयुक्त रूपें संपल्यावरच जोडाक्षरें येतात. पिंपळनेर मागें पडलें कीं पिंप्राळा आलें, व त्याच्या खालीं पिंप्री. याहून सोपी युक्तीही आहे. यादी मधोमध उघडावी, हवें तें नांव अलीकडे कीं पलीकडे एवढेंच पाहावें व नको असलेला अर्धा भाग सोडून द्यावा. असें दहा वेळां केलें कीं हजार नांवांतून एकच उरतें. क्रम नसलेल्या यादींत मात्र दैव प्रतिकूल असेल तर हजारही नांवें वाचावीं लागतात.

देवनागरी वर्णमालेचा क्रम रोमन लिपीप्रमाणें केवळ रूढीनें ठरलेला नव्हे. कंठ, तालु, मूर्धा, दंत, ओष्ठ अशा उच्चारस्थानांनीं क-वर्गापासून प-वर्गापर्यंतची रांग लागलेली आहे. आश्चर्य हें कीं, इतका शास्त्रशुद्ध क्रम हातीं असूनही जुन्या कोशकारांनीं शब्द शोधण्याकडे त्याचा फारसा उपयोग केला नाहीं. अमरकोश विषयवार आहे. शिवछत्रपतींच्या काळीं तयार झालेला राजव्यवहारकोशही विषयवारच आहे. कारण उघड आहे. ते ग्रंथ पाठ करावयाचे होते, आणि ज्याला ग्रंथ मुखोद्गत आहे त्याला पानें उलटण्याचें प्रयोजन काय? छापील पुस्तक हातांत आल्यावर परिस्थिति बदलली. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं व त्याची सुधारलेली आवृत्ति १८५७ सालीं निघाली. तो कोणी पाठ करील अशी अपेक्षाच नव्हती.

तथापि या क्रमांतही वादाच्या जागा आहेत, व त्या ठाऊक नसल्या तर शहाणा मनुष्यही चुकीच्या पानावर बसून राहतो. पहिली जागा अनुस्वाराची. अनुस्वार आधीं धरावा असें मानलें तर ‘पिंपळ’ हा शब्द ‘पिठलें’ आणि ‘पितळ’ यांच्या अगोदर येतो. आपट्यांच्या संस्कृत कोशाची रीत घेतली, म्हणजे अनुस्वार पुढील वर्गांतलें अनुनासिक समजला, तर ‘पिम्पळ’ होऊन तोच शब्द पितळेच्याही खालीं जातो. दुसरी जागा ‘ळ’ची. शाळेंतील वर्णमालेंत ‘ह’नंतर ‘ळ’ येतो. म्हणून ‘डाव’ आधीं आणि ‘डाळ’ मागाहून. संगणकाच्या युनिकोड तक्त्यांत मात्र ‘ळ’ची जागा ‘ल’च्या लगेच पुढें, ‘व’च्या अगोदर आहे. मराठीचे नियम न शिकविलेलें यंत्र केवळ त्या तक्त्यावरून यादी लावूं लागलें कीं डाळ डावाच्या पुढें उडी मारते. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ हे कोठें ‘क’ व ‘ज’ यांच्या जोडाक्षरांत सांपडतात, तर कोठें अगदीं शेवटीं. तेव्हां कोणत्याही कोशाची पहिलीं दोन पानें वाचल्याविना तो वापरूं नये.

घरीं वर्णक्रमाचा खरा उपयोग कागदपत्रांना. पण तेथें अडचण क्रमाची नसून शीर्षकाची असते. विजेच्या देयकाची पावती ‘वीज’खालीं ठेवावी, ‘देयक’खालीं कीं ‘पावती’खालीं? बापानें एका नांवाखालीं ठेवली व मुलानें दुसऱ्याखालीं शोधली कीं कागद घरांत असून नसल्यासारखा. ग्रंथपालांची यावरील तोड उत्तम आहे: एक शीर्षक कायमचें ठरवावें आणि इतर नांवांच्या जागीं ‘वीज पाहा’ एवढीच चिठ्ठी ठेवावी. घरमालकाच्या पश्चात् विम्याचा कागद शोधणाऱ्या कुटुंबाला अशा एका चिठ्ठीची किंमत कळते.

स्वयंपाकघरांत मात्र हा क्रम निरुपयोगी होय. फोडणीला जिरें, मोहरी, हिंग व हळद हीं एकत्र लागतात. वर्णक्रमानें लावलीं तर जिरें एका टोकाला व हिंग दुसऱ्या टोकाला. मिसळणाचा गोल डबा हा कोणत्याही कोशाहून श्रेष्ठ आहे. औषधांच्या बाबतींत तर वर्णक्रम प्रसंगीं घातक ठरतो. ज्या दोन औषधांच्या नांवांत एखाद्या अक्षराचाच फरक, तींच नेमकीं शेजारीं येतात आणि रात्रीं मंद दिव्यांत हात भलत्याच बाटलीवर पडतो. म्हणून सारख्या दिसणाऱ्या नांवांचीं औषधें मुद्दाम दूर ठेवण्याची काळजी रुग्णालयांत घेतात. घरींही एका मनुष्याचीं औषधें एका डब्यांत, असाच विभाग करणें बरें.

माणसांच्या याद्यांत खानदेशची अडचण वेगळीच. येथील शाळेचा हजेरीपट आडनांवांनीं लावला तर पाटील, चौधरी, महाजन, कोळी यांचे जथेच्या जथे एकत्र येतात व आडनांवाचा क्रम जवळजवळ मुका होतो. मग मुलाचें नांव व त्यापुढें बापाचें नांव पाहावें लागतें. हाच प्रश्न मतदानयंत्रावर अधिक गंभीर होतो. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यान्वये उमेदवारांचे तीन गट करतात: मान्यताप्राप्त पक्षांचे, केवळ नोंदणी झालेल्या पक्षांचे आणि उरलेले. प्रत्येक गटांत नांवें वर्णक्रमानें लावतात. दोन उमेदवार एकाच नांवाचे निघाले तर वर्णक्रम हात टेकतो. अशा वेळीं त्यांचा धंदा किंवा राहण्याचें ठिकाण जोडून अथवा अन्य रीतीनें त्यांच्यांत भेद दाखवावा, असें १९६१ च्या निवडणूक नियमांत सांगितलें आहे. म्हणजे ज्या गांवाचें नांव यादींत शोधतांना एवढा खटाटोप झाला, तेंच गांव एका पाटलाला दुसऱ्या पाटलापासून वेगळें काढण्याच्या कामीं येऊं शकतें.