तिकोनी शीड बाजू कशी बदलतं?

आम्हा पाटणकरांचं पाणी म्हणजे कोयना. समुद्र कुंभार्ली घाट उतरून पलीकडे. आजचा प्रश्न मात्र समुद्रावरचा. वारा समोरून असेल तर शिडाचं जहाज पुढे कसं जातं? नागमोडी जातं. आणि दर वळणावर शीड दुसऱ्या बाजूला न्यावं लागतं.

आंग्र्यांच्या गलबतांना तिकोनी शीड असायचं, लांब तिरक्या काठीला बांधलेलं. जहाजाचं तोंड वाऱ्यातून फिरवलं, तर असं शीड उलटं डोलकाठीवर दाबलं जातं. तिला ताणून धरणारे दोर वाऱ्याच्या बाजूला असतात, त्यामुळे ती मोडू शकते. म्हणून ही जहाजं वाऱ्याकडे पाठ करत लांबचा यू-टर्न घेतात. वारा मागून आला की खलाशी शिडाचा दोर सोडतात, तिरकी काठी जवळजवळ उभी करतात, शीड डोलकाठीच्या पुढून पलीकडे नेतात. मग ताणाचे दोरही बाजू बदलतात.

यात थोडं कमावलेलं अंतर जातं, माणसंही भरपूर लागतात. पण डोलकाठी वाचते, म्हणजे जहाज वाचतं. आणि वारा साथच देईना, तर गलबतांना 40-50 वल्ही होतीच!