माळव्याचं आकाश – ६ : धारला तीन मिनिटं उशीर

धार आणि देवास या दोन्ही गावांतली घड्याळं एकच वेळ दाखवतात, पण सूर्य घड्याळ बघून चालत नाही. देवासला खरी मध्यान्ह झाली की धारला ती व्हायला आणखी तीन मिनिटं लागतात. देवास धारपेक्षा साधारण पाऊण अंश पूर्वेला आहे आणि पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. चार पाऊण तीन! (आजोबांना पाऊणकी अजून पाठ असेल, विचारून बघा.) आपलं घड्याळ मात्र मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेलं आहे. त्यामुळे दुपारी बाराचे ठोके पडतात तेव्हा धारच्या मध्यान्हीला सरासरी अर्धा तास बाकी असतो.

पूर्व-पश्चिम अंतर असं वेळेत दिसतं. दक्षिणोत्तर अंतर रात्री दिसतं, ध्रुवताऱ्यात. हात सरळ ताणून मूठ धरली की ती आकाशाचा सुमारे दहा अंशांचा तुकडा झाकते. उत्तर क्षितिजापासून एकावर एक दोन मुठी ठेवा, वर थोडी जागा सोडा, तिथे ध्रुव. धारचा अक्षांश २२.६, देवासचा जवळजवळ २३ आणि ध्रुवाची उंचीही तेवढीच, कारण पृथ्वीचा अक्ष जवळपास थेट त्याच्याकडे रोखलेला आहे. दिवाळीत पुण्याला आत्याकडे गेलात तर तोच ध्रुव साडेअठरा अंशांवर उतरलेला असतो. श्रीनगरला तो ३४ अंशांवर चढतो.

ही गोष्ट दगडात बांधलेली पाहायची असेल तर उज्जैन गाठा. देवासहून ते तासाभरावर आहे. जयपूरचे सवाई जयसिंह माळव्याचे सुभेदार होते. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी पाच ठिकाणी वेधशाळा उभारल्या, त्यातली एक उज्जैनची. तिथल्या सम्राट यंत्रात मधोमध एक तिरपी भिंत आहे आणि तिच्यावर चढत जाणारा जिना. जिना कुठेच पोचत नाही, वर ना खोली ना गच्ची. भिंतीची तिरपी कड २३ अंश १० कलांनी उचललेली आहे, म्हणजे उज्जैनच्या अक्षांशाइतकी. त्या कडेवरून नजर वर नेली की ती ध्रुवाकडे जाते. दिवसा भिंतीची सावली बाजूच्या कमानदार दगडी पट्टीवरून सरकते आणि पट्टीवरच्या खुणांवर उज्जैनची स्थानिक वेळ वाचता येते. हेच यंत्र उचलून धारला आणलं तर कड अर्ध्या अंशाहून थोडी जास्त खाली करावी लागेल. प्रत्येक गावाचं सम्राट यंत्र वेगळं.

जयसिंहानंतर ही वेधशाळा पडझडीला लागली. १९२३ साली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी तिची दुरुस्ती करवली आणि गोविंद सदाशिव आपटे तिचे पहिले अधीक्षक झाले. मराठी माणसाच्या हाती ती वेधशाळा होती, हे माळव्यातल्या मराठी घरांतही आज फारसं कुणाला ठाऊक नसतं. मला ते खटकतं.

आता अंतराकडे वळू. ध्रुवाचा जो प्रकाश आज रात्री तुमच्या डोळ्यांत शिरेल तो सव्वाचारशेहून अधिक वर्षांपूर्वी निघालेला आहे. पवारांची घोडी माळव्यात यायला तेव्हा शंभराहून जास्त वर्षं अवकाश होता. व्याधाचा प्रकाश निघाला तेव्हा तुमच्यापैकी पुष्कळजण पहिली-दुसरीत असतील, कारण तो इथपर्यंत साडेआठ वर्षांत येतो.

आणि धारची स्वतःची एक गोष्ट आहे. भोजराजाच्या नावावर ‘राजमृगांक’ हा ज्योतिषाचा करणग्रंथ आहे, शके ९६४ म्हणजे इसवी सन १०४२ चा. करणग्रंथ म्हणजे ग्रहांची स्थानं गणिताने काढायचं पुस्तक. त्यानंतर बाराच वर्षांनी, १०५४ च्या जुलैत, वृषभ राशीत जिथे आधी काही दिसत नव्हतं तिथे एक तारा भडकला. चिनी ज्योतिषांनी त्याला ‘पाहुणा तारा’ म्हणून नोंदवलं. तो २३ दिवस भरदिवसा दिसत होता आणि रात्री जवळजवळ दोन वर्षं. भोजाच्या कारकिर्दीची ती अखेर होती आणि माळव्यावर तेव्हा पावसाळी ढग असणार. खरं तर तो स्फोट सुमारे साडेसहा हजार वर्षं आधीच होऊन गेला होता, पृथ्वीवर पोचली ती त्याची बातमी. त्या ताऱ्याचे अवशेष म्हणजे खेकडा तेजोमेघ. तो आजही पसरतो आहे आणि लहान दुर्बिणीतून पुसट डागासारखा दिसतो. डिसेंबरच्या सुरुवातीला रात्री आठला पूर्वेकडे तांबूस रोहिणी शोधा. तिच्या खाली, बैलाच्या एका शिंगाच्या टोकाशी तो आहे.

त्याच वेळी मान पार वर करा, किंचित उत्तरेकडे. शर्मिष्ठेच्या पाच ताऱ्यांपासून फार दूर नाही असा एक धुरकट ठिपका दिसेल. ती देवयानी दीर्घिका. इथवर जे जे तारे सांगितले ते सगळे आपल्या आकाशगंगेतले. देवयानी त्या सगळ्यांच्या पलीकडची, सुमारे २५ लाख प्रकाशवर्षांवरची, अब्जावधी ताऱ्यांची वेगळी वस्ती. तो प्रकाश निघाला तेव्हा पृथ्वीवर आजचा माणूस नव्हता. देवास शहरातल्या दिव्यांत ती सहसा हरवते. धारकरांचं बरं आहे, मांडूच्या बाजूला अमावास्येच्या आसपास ती नुसत्या डोळ्यांनी सापडावी. थेट तिच्याकडे रोखून बघू नका, नजर जरा बाजूला ठेवा. डोळ्याच्या कडेचा पडदा मंद प्रकाश जास्त चांगला टिपतो.

पुढच्या आठवड्यात दुर्बीण. विकत घेण्याआधी काय तपासावं, आणि खोक्यावर छापलेल्या ‘४५० पट’वर विश्वास का ठेवू नये. तोवर ध्रुवाची उंची मुठींनी मोजून वहीत लिहून ठेवा. सोबत गावाचं नावही लिहा.