इंजिनाला दाब किती सोसवेल?

कोल्हापुराहून पश्चिमेस सुमारें ५५ किलोमीटरांवर गगनबावडा आहे. तेथून कोंकणांत उतरावयास दोन वाटा आहेत : करूळ घाटानें वैभववाडीस जातां येतें आणि भुईबावडा घाटानें खारेपाटणाकडे. मोटारीच्या इंजिनाची खरी परीक्षा सपाट रस्त्यावर होत नाहीं. ती अशा घाटांत, भरल्या गाडीनें चढण चढतांना होते. कोल्हापूर हें ओतकामाचें व यंत्रकामाचें शहर. शिवाजी उद्यमनगरांतील कारखान्यांत कसबी हातांची वाण नाहीं. अशा ठिकाणीं गाडीचें इंजिन खोलून तें अधिक जोरदार करून घेण्याची हौस उत्पन्न व्हावी, हें स्वाभाविकच होय. या हौसेंत सर्वांत मोहक आणि सर्वांत घातक असा आंकडा एकच असतो : संपीडन-गुणोत्तर, म्हणजेच कारागिरांच्या तोंडचा कंप्रेशन रेशो.

पिस्टन तळाशीं असतां सिलिंडरांत जेवढी जागा असते, तिला पिस्टन वर आल्यावर उरलेल्या जागेनें भागलें कीं हें गुणोत्तर मिळतें. मारुतीच्या जिप्सी व एस्टीम या गाड्यांत आलेलें १२९८ घन सेंटिमीटरांचें इंजिन उदाहरणादाखल घ्यावें. त्याच्या सिलिंडरचा व्यास ७४ मिलिमीटर व पिस्टनची धांव ७५.५ मिलिमीटर, म्हणजे एका सिलिंडरांत पिस्टन सुमारें ३२५ घन सेंटिमीटर जागा व्यापतो. गुणोत्तर ९ हवें तर वर ४०.६ घन सेंटिमीटर जागा उरावी लागते. १० हवें तर ३६.१. दोहोंतील अंतर चहाच्या चमच्याहूनहि लहान! त्याच व्यासाचा एक मिलिमीटर जाडीचा थर ४.३ घन सेंटिमीटर भरतो. म्हणून पातळ गॅस्केट बसविणें किंवा हेड थोडें अधिक घांसणें या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींनीं सारा हिशेब बदलून जातो.

एवढ्याशा फरकापासून लाभ तरी किती? शास्त्राच्या आदर्श हिशेबानें गुणोत्तर ९ असतां इंधनाच्या उष्णतेपैकीं ५८.५ टक्के कामीं लागते. १० ला ६०.२, ११ ला ६१.७ आणि १२ ला ६३ टक्के. प्रत्यक्षांतील आंकडे याहून पुष्कळच कमी असतात. पण ओघ हाच असतो. प्रत्येक पुढच्या पायरीला लाभ घटत जातो, आणि धोका मात्र वाढत जातो.

हा धोका कसला, तें नीट ध्यानांत घेतलें पाहिजे. ठिणगी पडल्यावर ज्योत प्लगपासून पसरत जावी आणि पिस्टनला एकसारखा रेटा मिळावा, हा इंजिनाचा शिरस्ता. पण वायु दाबला कीं तापतो. दाब मर्यादेपलीकडे गेला, कीं ज्योत पोंचण्यापूर्वींच कडेला राहिलेलें मिश्रण आपोआप पेट घेतें. मग रेट्याच्या जागीं आघात बसूं लागतात. चढणीवर बोनेटाखालून येणारा खणखण आवाज तो हाच. कारागीर त्याला नॉकिंग म्हणतात. तो दीर्घकाळ चालला तर रिंगांच्या मधली पिस्टनची कड तुटते, गॅस्केट फुटतें, कधीं पिस्टनच्या माथ्याला भोंकहि पडतें.

आपोआप पेटण्यास विरोध करण्याचा पेट्रोलचा गुण ऑक्टेन-अंकानें मोजतात. भारतांत साध्या पेट्रोलचा किमान अंक पुष्कळ वर्षें ९१ होता; ९५ वा १०० अंकाचें महाग पेट्रोल मोठ्या शहरांतील निवडक पंपांवर मिळतें. २०२५ सालापर्यंत देशभर २० टक्के इथेनॉल-मिश्रित पेट्रोल पोंचलें. कोल्हापूरच्या उसाशीं नातें सांगणारें हें इथेनॉल नॉकिंगला चांगलें आवरतें व बाष्प होतांना मिश्रण थंडहि करतें. परंतु त्याच्यासाठीं पेट्रोलचा पुरवठा वाढवावा लागतो. जुन्या कार्बोरेटरवर तो न वाढविल्यास मिश्रण विरळ होतें आणि विरळ मिश्रण इंजिन तापवितें.

आतां घाटाकडे वळावें. घाटमाथ्यावर, ६०० मीटरांच्या आसपासच्या उंचीवर, हवेचा दाब समुद्रसपाटीहून सुमारें ७ टक्क्यांनीं कमी असतो. पावसाळ्यांत तेथील हवा गार व दमट असते. अशा हवेंत वाढविलेलें गुणोत्तर निमूटपणें खपून जातें आणि मालक समाधान पावतो. तीच गाडी एप्रिलच्या दुपारीं वैभववाडीहून वर चढूं लागली, कीं हवा दाट व तप्त, भार पूर्ण आणि वेग मंद, अशी सारी संकटें एकदम येतात. चालकानें वरचा गिअर सोडला नाहीं तर तीं अधिकच बळावतात. म्हणून गुणोत्तर ठरवितांना इंजिनाचा सर्वांत चांगला दिवस नव्हे, सर्वांत वाईट तास डोळ्यांपुढें ठेवावा.

सर्वसाधारण अनुभव असा, कीं टर्बो नसलेल्या, अॅल्युमिनियमच्या हेडाच्या व दोन व्हॉल्व्हांच्या जुन्या धाटणीच्या इंजिनाला साध्या पेट्रोलवर ९ ते ९.५ पुरे, चार व्हॉल्व्हांच्या इंजिनाला १० च्या आसपास. टर्बो बसवावयाचा असेल तर हवा आधींच दाबून येत असल्यामुळें ८ ते ९ वर थांबणें हिताचें. नव्या गाड्या कारखान्यांतूनच १२ वा १३ घेऊन येतात, हें खरें; पण त्यांना नॉकिंग ओळखून ठिणगी मागें घेणारीं साधनें असतात, आणि कित्येकींत पेट्रोल थेट सिलिंडरांत फवारलें जातें. त्यांचा आंकडा उसना घेऊन भागत नाहीं.

जागा अंदाजानें नव्हे, ब्युरेटनें तेल सोडून मोजावी, आणि चारहि सिलिंडरांची मोजावी. कारण ज्याचें गुणोत्तर सर्वांत अधिक, तोच प्रथम दगा देतो. हेड घांसल्यावर व्हॉल्व्ह व पिस्टन यांतील अंतर पुन्हा तपासावें. वाढ एकदम एकानें न करतां अर्ध्यानें करावी. नॉकिंग थांबविण्यासाठीं ठिणगी फार मागें घ्यावी लागली, तर मिळविलेला जोर तेथेंच गेला असें समजावें.

घांसलेली धातु परत जोडतां येत नाहीं. जाड गॅस्केट हा केवळ अर्धा उपाय होय. अर्धा अंक हातचा राखल्यानें हरवणारा जोर दीड-दोन टक्क्यांहून अधिक नसतो. त्या मोबदल्यांत गाडीं बसलेलीं माणसें रात्रींच्या पावसांत करूळच्या वळणावर अडकून पडत नाहींत, आणि हा सौदा कोणत्याहि हिशेबानें तोट्याचा नाहीं.