संपलेला सेल संपतो कुठे?

शेवटची ओव्हर, सहा चेंडूंत नऊ धावा, आणि नेमका तेव्हाच रिमोट रुसतो. मग घरोघरी एकच उपचार. रिमोट तळहातावर आपटायचा, नाहीच ऐकलं तर मागचं झाकण काढून सेल बोटाने गरागरा फिरवायचे. तेही जमलं नाही की कोणीतरी म्हणतं, "संपले ते. दे टाकून."

थांबा! माप जुळत असेल तर त्यातला एक सेल भिंतीवरच्या घड्याळात घालून बघा. बहुतेक वेळा घड्याळ टिकटिक करायला लागतं, कधी कधी तर कित्येक महिने! रिमोटचं बटण दाबलं की त्याला एकदम भरपूर वीज लागते आणि थकलेल्या सेलला तेवढी देववत नाही. घड्याळाचं काय, काट्याला सेकंदाला एक हलकासा धक्का दिला की झालं.

पुढे घड्याळही थांबलं, म्हणजे तरी सेल रिकामा झाला ना? अजिबात नाही. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर एकाच कंपनीचा, एकाच मापाचा एक नवा आणि एक संपलेला सेल ठेवा. वजन जवळजवळ सारखंच भरेल. सेल म्हणजे काही पाण्याची बाटली नव्हे, प्यायली की रिकामी व्हायला. साध्या सेलमध्ये जस्त असतं, मँगनीज डायऑक्साइडची काळी भुकटी असते आणि मधोमध कार्बनची कांडी. जस्तातून सुटलेले इलेक्ट्रॉन रिमोटमधून फेरी मारून काळ्या भुकटीपाशी परत येतात. या उद्योगात जस्ताचं रूप बदलतं, पण ते जात कुठेच नाही.

आणखी एक गंमत. कानाच्या यंत्रातला इवलासा सेल पाहिलाय का? त्यावर एक चिकटपट्टी असते. ती काढली की बारीक भोकांतून हवा आत शिरते आणि त्या हवेतला ऑक्सिजन जस्ताशी जोडला जातो. म्हणून आजोबांचा हा सेल वापरून वापरून चक्क जड होतो!

साध्या सेलची तर बाहेरची डबीच जस्ताची असते. म्हणजे खाऊही तोच आणि डबाही तोच. खाऊ संपत आला की डबा झिजतो, भोक पडतं आणि आतला चिकट द्राव गळतो. जुन्या टॉर्चमध्ये असा गळका सेल दिसला तर हात लावू नका, मोठ्यांना बोलवा. लहानपणी आम्ही सेल फोडून ती काळी कांडी काढायचो आणि फरशीवर चित्रं काढायचो. शुद्ध मूर्खपणा होता तो!

मग या सेलचं करायचं काय? बऱ्याच सेलवर चाकांच्या कचरापेटीचं बारीक चित्र असतं आणि त्यावर फुली. अर्थ सरळ आहे: रोजच्या कचऱ्यात टाकू नका. काही सेलमध्ये कॅडमियमसारखे विषारी धातू असतात. लिथियमचा सेल कचऱ्याच्या गाडीत दाबला गेला तर पेटू शकतो. शेकोटीत किंवा होळीत तर कुठलाच सेल टाकायचा नाही, तो फुटतो. बटन सेल लहान भावंडांच्या हाती लागू देऊ नका. गिळला तर अवघ्या दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते, अशा वेळी तडक दवाखाना गाठायचा.

त्यापेक्षा प्लास्टिकची एक कोरडी बरणी घ्या आणि ती छोट्यांच्या हाताला लागणार नाही अशी उंच ठेवा. बटन सेल आणि लिथियमच्या सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून मगच आत टाका, म्हणजे एकाची टोकं दुसऱ्याला लागून ठिणगी पडणार नाही. बरणी भरली की ई-कचरा गोळा करणाऱ्या केंद्रात द्या. जवळपास केंद्र नसेल तर ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता वेगळ्या पुडीत बांधा आणि घंटागाडीवरच्या ताई-दादांना "यात सेल आहेत" असं सांगून हातात द्या. २०२२ साली आपल्या देशात बॅटरीच्या कचऱ्याचे नवे नियम आले. वापरलेले सेल परत गोळा करून त्यांचा पुनर्वापर होतोय ना, हे बघणं आता सेल बनवणाऱ्या कंपन्यांचं काम आहे. कारखान्यात त्यांतून जस्त, मँगनीज, पोलाद पुन्हा मिळवता येतं.

आता उठा आणि घरभर शोधाशोध करा. बंद पडलेली खेळणी, जुने रिमोट, माळ्यावरचा टॉर्च. आमच्या घरी सतरा सेल निघाले, त्यातले दोन चक्क आजीच्या शिवणाच्या डब्यात! तुमच्याकडे किती निघाले ते आम्हाला जरूर कळवा.